हळूबाईचा तळहात

आमच्या आत्याला तिच्या कामाच्या जागी कोणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती हळूबाई. गंमत अशी की तिच्याइतकं भरभर चालणारं माणूस आमच्या अख्ख्या खानदानात नाही. बस चुकली तर ती दुसरीची वाट बघत नाही, पुढच्या थांब्यावर जाऊन तीच बस गाठते. पण वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर एक लांबच लांब खोली आहे, तिथे अंथरुणाला खिळलेल्यांचे बारा पलंग आहेत, आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय पडला की तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘हळू’. नव्या बाईने चादर ओढली, हळू. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा आवळला, हळू. एकदा मॅनेजर साहेब एका आजोबांना दंडाला धरून उठवायला निघाले, तेव्हा हिने मागून ‘हळू’ म्हटलं ते इतक्या जोरात, की साहेबांनी आजोबांना सोडून स्वतःचाच दंड धरला.

ही दंडाची गोष्ट मला तिथल्या धोबीकाकांनी सांगितली. धोबीकाकांची प्रत्येक गोष्ट ‘मी आपला माझ्या कामात होतो, माझं लक्षच नव्हतं’ इथून सुरू होते आणि मग कोण कुठे उभं होतं, कोणी कितव्यांदा नाक ओढलं, इथपर्यंत सगळं तंतोतंत येतं. आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांच्याकडून आलंय. थोडं आत्याकडून, पण ते चिमट्याने ओढून काढावं लागलं. आणि उरलेलं, सगळ्यात महत्त्वाचं, त्या ताईंनीच नंतर आमच्या घरी येऊन सांगितलं, ज्यांनी आत्याविरुद्ध तक्रार केली होती.

आत्या अठ्ठावन्न वर्षांची आहे. त्यातली सत्तावीस वर्षं तिने त्या खोलीत काढली. त्याआधी ती विजेच्या बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की बल्ब बोटांनी धरला की फुटतो, तळहातावर घेतला की नाही फुटत. कारखाना बंद पडला, पण तळहात तिने सोबत आणला. म्हाताऱ्या माणसाला ती कधी बोटांनी धरत नाही. कोपराखाली तळहात, टाचेखाली तळहात, मानेखाली तळहात. बोटांनी धरणं म्हणजे चिमटा, असं तिचं म्हणणं. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगडी नाही. नखं इतकी बारीक कापलेली, की पडलेली टाचणी तिला उचलता येत नाही, मला बोलावते.

आणि माणसाची कातडी ती अशी वाचते, जसं दुसरं कोणी पेपर वाचेल. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, डिलिव्हरीची व्हॅन चालवतात. एकदा जेवताना तिने त्यांचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले. खिडकीकडचा हात काळवंडलेला, सुरकुतलेला, ठिपक्याठिपक्यांचा. दुसरा चांगला गुळगुळीत. “हा हात अजून तुझा आहे,” ती म्हणाली, “हा मात्र माझ्याही पुढे निघून गेलाय. बाही खाली कर म्हणून किती वर्षं सांगतेय.” बाबा दुसऱ्या दिवसापासून बाही खाली करून जायला लागले, पण फक्त आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत. माझ्या तोंडावरच्या पुटकुळ्या ही तर तिच्या दृष्टीने श्रीमंती. तेल सुटतंय तोवर मजा कर, म्हणते. पुढे हेच तेल आटतं, कातडी कोरडी पडते, मग पातळ होते, मग इतकी पातळ होते की कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा परवडला. त्या वयाच्या माणसाला रोज साबणाने खसाखसा घासून आंघोळ घालणारी माणसं तिला चोरांपेक्षा वाईट वाटतात. तिची रीत म्हणजे कोमट पाणी, टॉवेल नुसता टेकवायचा, पुसायचा नाही, आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं, कारण वाळल्यावर लावलेलं मलम, तिच्या शब्दांत, ‘दार बंद झाल्यावर आलेला पाहुणा’.

हे सगळं ती आईच्या पोटातून शिकून आलेली नव्हती. पहिल्या वर्षी तिला कोणीतरी सांगितलं होतं, की टाच लाल दिसली की स्पिरिट लावून जोरात चोळायची, रक्त फिरतं. तिने एका आजोबांची टाच इमानाने आठवडाभर चोळली. आठव्या दिवशी ती फुटली. आजोबा ओरडले नाहीत, उलट तिचा चेहरा बघून तिलाच विचारलं, “माझं काही चुकलं का गं?” आत्याने हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना कपाटाकडे तोंड करून घड्या घालत होती. त्यानंतर लाल झालेल्या जागेला तिने कधी चोळलं नाही. त्या जागेवरचं वजन काढायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यानंतर तिच्या पाळीत, त्या बारा पलंगांवर, एकाही पाठीला जखम झालेली नाही. ही गोष्ट ती स्वतः कधी बोलत नाही. आम्ही बोलतो. बाबा तर पेट्रोल पंपावर अनोळखी माणसांना सांगतात.

तर अशा या खोलीत गेल्या वर्षी मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून चालणं बंद. डोकं कधी इथे, कधी चाळीस वर्षं मागे. मागे असलं की ती खोली त्यांचा वर्ग असायची. कोणी मोठ्याने बोललं, भांडं पडलं, पलीकडच्या पलंगावरचे म्हातारे ट्रक ड्रायव्हर खोकत सुटले, की बाई पलंगाच्या लोखंडी कठड्यावर हाताच्या मागच्या बाजूने तीनदा ठोकायच्या. टण, टण, टण. मग एकच शब्द यायचा, “शांतता.” आणि धोबीकाका शपथेवर सांगतात, खोकलासुद्धा थांबायचा.

आत्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की हे हाताला झेपणारं नाही. तिने कठड्याला जुनी चादर गुंडाळली. बाईंनी ठोकलं, आवाज आला नाही. परत ठोकलं. मग त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या, जणू तो कोणीतरी बदलून ठेवलाय. दुपारी जेवल्या नाहीत. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने कठड्याचा वीतभर तुकडा परत उघडा केला, आणि धोबीकाकांकडून न जुळणाऱ्या मोज्यांचा गठ्ठा आणून, त्यांचे पंजे कापून, बाईंच्या हातांना बोटांच्या मुळापासून कोपरापर्यंत बाह्या करून घातल्या. टण, टण, टण. शांतता. बाई जेवल्या.

पण त्या वयाच्या कातडीखाली रक्तवाहिन्या इतक्या वर आलेल्या असतात, की मोजा असला तरी काय. उजव्या हाताच्या मागे आणि मनगटाच्या वर जांभळे डाग उमटायला लागले. एक जुना, पिवळा पडत चाललेला, एक ताजा, जांभळासारखा गडद.

इथे त्या आश्रमाचा एक नियम सांगायला हवा. ज्याचा हात सारखा कशावर तरी आपटतो, त्याच्या हाताला कापडी पिशवी घालायची. मनगटाशी नाडी. पिशव्या खोलीच्या दारामागच्या खिळ्यावर टांगलेल्या असतात. वाईट हेतूने कोणी करत नाही, हात सुरक्षित राहतो. आत्याचं त्या पिशव्यांशी वाकडं. तिच्या पाळीत त्या धुवून, इस्त्री करून परत खिळ्यावर जातात, एवढाच त्यांचा वापर.

बाईंची लेक दुसऱ्या गावी राहते, महिन्यातून एकदा चार-पाच दिवस येते. या ताई साठीच्या, स्वतःही कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त. नीटनेटक्या, कडक इस्त्रीच्या, ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांच्या. प्रत्येक वाक्याची सुरुवात “मला फक्त एवढंच विचारायचंय” अशी, आणि पुढे एवढंसं कधीच नसायचं. अशाच एका बुधवारी त्यांनी आईच्या हातावरचा मोजा वर सरकवला आणि पुढची पाच मिनिटं त्यांना काही विचारताच आलं नाही. नंतर त्या सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या आणि तक्रारीच्या वहीत लिहिलं, की माझ्या आईला कोणीतरी हाताला धरून ओढतं किंवा मारतं, आणि मोजे घालून ते लपवलं जातं.

मॅनेजर साहेबांनी आत्याला बोलावलं. साहेब माणूस वाईट नाहीत. फक्त ‘कसं आहे ना’ म्हटल्याशिवाय त्यांच्या घशातून श्वास बाहेर पडत नाही. कसं आहे ना, तुम्ही जुन्या आहात. कसं आहे ना, पण लेखी आलंय. मग विचारलं, हे डाग कसे आले. आत्या म्हणाली, या वयात येतात. कशाने येतात, असं साहेबांनी परत विचारलं. आत्याने टेबलावरची वही सरळ करून ठेवली. तिसऱ्यांदा विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, या वयात येतात, साहेब. शेवटी ठरलं, की शनिवारी डॉक्टर येतील, ते हात बघतील, तोवर हळूबाईने खोलीत पाऊल टाकायचं नाही, धुलाईघरात कपडे घड्या करायचे. डॉक्टर जर म्हणाले, की बोटांनी आवळल्याच्या खुणा आहेत, तर मग, कसं आहे ना, साहेबांच्या हातात काही राहत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बाबांनी जो आवाज लावला तो मोठ्या बाईंनी ऐकायला हवा होता. सत्तावीस वर्षं केलेल्या माणसावर म्हातारीला मारल्याचा शिक्का. दोन वर्षांनी निवृत्ती. अक्का, तू बोलत का नाहीस, बाई कठडा ठोकते म्हणून सगळ्या खोलीला माहीत आहे, धोब्याला माहीत आहे, तू सांगत का नाहीस. आत्या शांतपणे माझ्या वहीच्या कव्हरवर बोटाने रेघा ओढत होती.

“सांगितलं तर मी सुटेन,” ती म्हणाली. “आणि उद्या संध्याकाळच्या आत बाईंचा हात पिशवीत जाईल. त्यांच्याकडे आता तेवढा एक आवाज उरलाय रे. तो काढून घेऊन मी काय मोठी होणार आहे?”

बाबांनी भांडी घासायला घेतली. ते रागावले की भांडी घासतात. त्या रात्री आमच्या घरातली कढई आरशासारखी झाली.

गुरुवारी आत्या धुलाईघरात. धोबीकाका म्हणतात, तिने उशांच्या खोळींची अशी घडी घातली की ती उलगडायलाच संकोच वाटावा. दर दोन तासांनी मात्र ती मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि पुटपुटायची, “आता डाव्या कुशीवर.” काकांनी विचारलं, कोण. ती म्हणाली, सगळे.

खोलीत तिच्या जागी वरच्या मजल्यावरची एक तरुण मदतनीस आली होती. मनाने चांगली, हाताने घाईची. तिला गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या उजव्या हातावर, डागाच्या कडेला, नखाएवढा ओरखडा दिसला. बाईंचा हात मधेच कठड्याच्या कडेला लागला असणार, कारण वरच्या मजल्याच्या शिरस्त्याप्रमाणे तिने मोजे काढून ठेवले होते. तिने तेच केलं जे तुम्ही-आम्ही कोणीही केलं असतं. चिकटपट्टी लावली.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या. पट्टीची कड मळलेली, सुटलेली. त्यांच्या लहानपणी गुडघा फुटला की आई पट्टी अशी हळूहळू काढत बसायची नाही. एका झटक्यात काढायची, आणि वर म्हणायची, झालंसुद्धा. ताईंनी आईचा हात मांडीवर घेतला, “झालंच हं आई” म्हटलं, आणि एका झटक्यात पट्टी काढली.

पट्टीसोबत कातडी आली. तिकिटाएवढा तुकडा, एका बाजूने अजून जोडलेला, पाकिटाच्या झाकणासारखा उघडला गेला. बाई किंचाळल्या नाहीत, नुसतं “अगं, काय झालं?” एवढंच विचारलं. किंचाळल्या ताई. आणि गंमत बघा, त्यांनी नर्सला हाक मारली नाही, डॉक्टरला नाही, मॅनेजरला नाही. त्या खोलीत, त्या क्षणी, त्यांच्या तोंडून जी हाक निघाली ती ‘मावशी’ अशी होती, आणि ती कोणाला होती हे धुलाईघरापर्यंत सगळ्यांना कळलं. धोबीकाका आपले आपल्या कामात होते. त्यांच्या हातात चादरीचं एक टोक होतं, दुसऱ्या टोकाला आत्या होती, आणि पुढच्या क्षणाला दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं.

तिला खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. ती दोन पावलांत पलंगापाशी पोचली आणि तिथे पोचल्यावर एकदम हळूबाई झाली. हात धुतले. रक्तावर ओला कापूस धरला, दाबला नाही, नुसता धरला. नर्सबाई मागून मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या, त्यांनीही मधे हात घातला नाही. “तू कर,” एवढंच म्हणाल्या. आत्याने कापसाची काडी पाण्यात भिजवली आणि तो गुंडाळलेला तुकडा केसाकेसाने उलगडत परत त्याच्या जागेवर आणायला लागली. कापून टाकायचा नसतो तो. तो त्याच माणसाचा असतो, त्याच्यावर त्याच्याइतकी चांगली पट्टी जगात कुठे मिळत नाही.

हात स्थिर धरायला कोणीतरी हवं होतं. आत्याने मान वर न करता ताईंना सांगितलं, कोपराखाली तळहात ठेवा, बोटं नको. ताईंची बाही मधे येत होती. त्यांनी ती वर सारली. उन्हाळ्यातल्या त्या पूर्ण बाहीखाली, त्यांच्या गोऱ्या, वाळक्या हातावर, दोन जांभळे डाग होते. एक जुना, पिवळा पडत चाललेला. एक ताजा.

आत्याचं काम थांबलं नाही. कड जुळली, वर मलम लावलेली जाळीची पट्टी आली, तिच्यावरून मऊ बँडेज फिरलं. चिकटपट्टी लागली ती बँडेजला, कातडीला नाही. मग तिने पेनने बँडेजवर एक बाण काढला, पुढे ज्याला कोणाला ते सोडायचं असेल त्याला कळावं, की कुठल्या दिशेने सोडायचं. बाण काढून झाल्यावरच ती हळू आवाजात बोलली. शेजारच्या पलंगापर्यंतही जाऊ नये इतक्या हळू.

“ताई, हे तुम्हाला कोणी केलं?”

“कोणी नाही,” ताई म्हणाल्या. “पर्सचा पट्टा लागला असेल. नाहीतर दाराची कडी. मला तर आठवतही नाही...”

वाक्य तिथेच राहिलं. ताईंनी मला नंतर सांगितलं, की चेहऱ्यासाठी त्यांच्या कपाटात सात बाटल्या आहेत आणि हातांना त्यांनी वर्षानुवर्षं बाहीखाली कोंडून ठेवलं होतं. आरशात हात दिसत नाही ना. डबीत बोटभर मलम उरलं होतं, ते आत्याने ताईंच्या हाताला लावलं, केसांच्या दिशेने, खाली खाली, जसं बाईंना लावते तसंच. ताईंना तेव्हा रडू आलं. आणि बाजूच्या पलंगावरचे ट्रक ड्रायव्हर आजोबा, ज्यांना दुसऱ्याचं रडणं ऐकलं की खोकला येतो, ते खोकत सुटले.

मोठ्या बाईंनी लेकीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, बँडेज बांधलेला हात आत्याच्या तळहातावरून काढून घेतला, आणि आत्या ‘हळू’ म्हणायच्या आत कठड्यावर दिला. टण, टण, टण.

“शांतता.”

खोकला थांबला. रडणंही थांबलं. ताई त्या उघड्या वीतभर लोखंडाकडे बघत राहिल्या, मग आईच्या हाताकडे, मग परत लोखंडाकडे. मग त्यांना हसू फुटलं, नाकातोंडातून, रुमाल सापडेना असं. त्यांच्या घरी जेवणाचं टेबल होतं, म्हणाल्या, त्याला आईच्या ठोकण्याने एका जागी खळगा पडला होता, आमचं सगळं लहानपण त्या खळग्यापाशी गप्प बसण्यात गेलं. मग गंभीर होऊन त्यांनी आत्याला विचारलं, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं का नाही, एका वाक्यात सुटला असता. आत्याने दारामागच्या खिळ्याकडे मान वळवली. स्वच्छ, इस्त्री केलेल्या पिशव्या, नाड्यांची गाठ मारून टांगलेल्या. ताईंना एवढंच विचारायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे काही विचारायचं उरलं नाही.

शनिवारी डॉक्टर आले. त्यांनी बाईंचे दोन्ही हात पाहिले, म्हणाले वयाने कातडी पातळ झाली आहे, साध्या धक्क्यानेही असं होतं, आणि हे बँडेज कोणी बांधलं, अगदी छान बांधलंय. मॅनेजर साहेब म्हणाले, कसं आहे ना, मी आधीपासून हेच म्हणत होतो. ताईंनी तक्रार मागे घेतली. साहेबांनी वही काढली आणि ते पान फाडायला बोट घातलं.

“हळू,” आत्या म्हणाली.

साहेबांनी स्वतःचा दंड धरला नाही, पण हात मात्र थांबला. आत्याला पान फाडायला नको होतं. तिने चूक केली नव्हती, मग तिच्या नावाचं पान चोरासारखं नाहीसं का व्हावं? जे लिहिलंय ते राहू दे, तिचं म्हणणं, खाली काय झालं ते लिहा. ताईंनी पेन घेतलं आणि मुख्याध्यापिकेच्या मुलीच्या अक्षरात लिहिलं, की वरची तक्रार माझ्या अज्ञानातून झाली. माझ्या आईच्या हाताची एकमेव जखम माझ्या हातून झाली, आणि ज्यांच्यावर मी आरोप केला त्यांनीच ती बांधली. सही, तारीख. मग वही आत्यापुढे सरकवली. आत्याचं लिहिणं मोठ्या अक्षरातलं, दोन ओळींची जागा खाणारं. तिने लिहिलं: ‘म्हाताऱ्या कातडीला चिकटपट्टी लावू नये. मोजे ठेवावेत. पिशवी नको, दुसरा उपाय आहे.’

दुसरा उपाय धोबीकाकांच्या सायकलवर होता. सोमवारी सकाळी काकांनी तिची घंटी सोडवून मोठ्या बाईंच्या कठड्याला पक्की बसवली, बरोबर अंगठ्याखाली. बाकीच्या कठड्याला चादर. आत्याने बाईंचा अंगठा तिच्यावर नेऊन ठेवला. ट्रिंग. बाईंनी घंटीकडे जरा संशयाने पाहिलं. परत दाबली. ट्रिंग ट्रिंग. खोली गप्प झाली. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी हवी होते, असं धोबीकाका म्हणतात. शाळेला नवी इमारत मिळाल्यासारखं. काका तेव्हापासून नुसत्या तोंडाने ‘बाजूला, बाजूला’ ओरडत सायकल चालवतात. मी त्यांना तसंच ओरडून दाखवलं तर ते म्हणाले, माझा घसा इतका बसलेला नाही.

बाईंची जखम तीन आठवड्यांत भरली. बाणाच्या दिशेने प्रत्येक वेळी बँडेज सुटलं. डाग अजून येतात, एखाददुसरा, वयानेच. ताई आता महिन्यातून दोनदा येतात, अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत, आणि मलमाच्या दोन डब्या आणतात, एक आईला आणि एक स्वतःला. पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, “मला फक्त एवढंच विचारायचंय, हळूबाई इथेच राहतात ना?” बाबांनी त्यांना अर्धा तास सत्तावीस वर्षांचा इतिहास ऐकवला. पेट्रोल पंपावरचा सराव कामी आला.

आणि आत्या निवृत्तीची दोन वर्षं मोजत बसलेली नाही. त्या वहीतलं पान वाचून मॅनेजर साहेबांनी ठरवलं, की खालच्या खोलीत येणारं प्रत्येक नवं माणूस आधी हळूबाईच्या हाताखालून जाईल. तिने घरून एक जुना, गेलेला बल्ब नेलाय. नव्या माणसाने तो उघड्या तळहातावर घेऊन दारापासून खिडकीपर्यंत, बारा पलंगांमधून, चालत जायचं आणि परत यायचं. बोटं मिटली की पहिल्यापासून. वरच्या मजल्यावरची ती घाईची मदतनीस चौथ्या फेरीला पास झाली आणि आत्याने तिला स्वतःच्या हाताने चहा दिला.

गेल्या रविवारी मी तिला न्यायला गेले होते. दारातून बघितलं तर खोलीच्या मधोमध साक्षात मॅनेजर साहेब उभे होते, तळहातावर बल्ब, कपाळावर घाम. नियम सगळ्यांना सारखा, असं आत्याने सांगितलं होतं म्हणे. नवव्या पलंगापाशी ट्रक ड्रायव्हर आजोबांना खोकला आला, साहेब दचकले, तळहातावर बल्ब कलंडला, बोटं मिटायलाच निघाली. “कसं आहे ना...” साहेबांच्या तोंडून सुटलं.

ट्रिंग ट्रिंग. “शांतता,” मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांची बोटं परत उघडली. बल्ब तळहातावर स्थिरावला. आत्या खिडकीपाशी उभी होती, अठ्ठावन्न वर्षांची, तिच्याही मनगटावर एक जांभळा ठिपका आलेला. एखाद्या राणीसारखी तिने तळहात पुढे केला आणि म्हणाली, “या साहेब. हळू.”